विद्येच्या नावाने घेतलेली जमीन

विद्यापीठाच्या आवारात हॉटेल आणि परिषद केंद्र असावे काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. परगावाहून परीक्षक येतात, चर्चासत्रांना विद्वान येतात, पदवीदान समारंभास पाहुणे येतात. त्यांना चार दिवस राहावयास जागा हवी आणि बसावयास सभागृह हवे, हे कोणीही मान्य करील. परंतु अतिथिगृह आणि हॉटेल या दोन भिन्न वस्तू आहेत. अतिथिगृह ही विद्येची गरज आहे, हॉटेल हा व्यवसाय आहे. अतिथिगृहातील खोली रिकामी राहिली तर विद्यापीठाचे काही बिघडत नाही. हॉटेलची खोली रिकामी राहून चालत नाही. ती भरण्यासाठी मग लग्नाची वऱ्हाडे, कंपन्यांचे मेळावे आणि पर्यटकांचे तांडे यांना आवतण द्यावे लागते. फरक इमारतीचा नाही, हेतूचा आहे. आणि ज्या जमिनीवर ती इमारत उभी राहावयाची, ती कोणत्या हेतूने मिळाली होती हे विचारण्याचा अधिकार त्या जमिनीच्या शेजाऱ्यांना आहे.

हा मोह आपल्याकडील विद्यापीठांनाच होतो असे नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला लस्किन दांपत्याने 2011 साली 10 कोटी डॉलरची देणगी दिली आणि तिचा मोठा भाग परिषद केंद्र व त्याला जोडलेल्या अतिथिनिवासासाठी होता. प्रारंभीच्या बेतानुसार प्राध्यापकांची जुनी सभागृहवास्तू पाडून तेथे हे केंद्र व्हावयाचे होते. प्राध्यापकांनीच विरोध केल्यावर जागा बदलावी लागली. शेजारच्या वस्तीतील नागरिकांचा आक्षेप वेगळा होता. सार्वजनिक संस्था म्हणून मिळणाऱ्या करसवलतीच्या आडून विद्यापीठ हॉटेलचा धंदा करणार, असे त्यांचे म्हणणे होते. वाद न्यायालयात गेला, तरी 250 हून अधिक खोल्यांची ती वास्तू 2016 साली उघडलीच. जेथे देणग्यांचा असा महापूर वाहतो, तेथील विद्यापीठालाही खोल्या भाड्याने देण्याची ओढ सुटत नाही. मग आपल्या तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठांची काय कथा?

कारण आपल्याकडे आता विद्यापीठांना उपदेशच असा होऊ लागला आहे, की उत्पन्नाची साधने तुमची तुम्ही शोधा. केंद्र सरकारने 2017 साली उच्च शिक्षण वित्त संस्था स्थापन केली, तेव्हापासून शिक्षणसंस्थांच्या इमारतींसाठी अनुदानाच्या जागी कर्ज घेण्याची वाट रुळली. कर्ज फेडावयाचे तर मिळकत हवी, आणि विद्यापीठाजवळ विकाऊ म्हणून असते तरी काय? ज्ञान सहजी विकले जात नाही. जमीन मात्र विकली जाते. हैदराबादेत 2025 साली हेच दिसले. 1974 साली स्थापन झालेल्या तेथील केंद्रीय विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली येथील 400 एकरांवर राज्य सरकारने यंत्रे घातली. कागदोपत्री ती जमीन राज्याची ठरलेली होती. तरीही विद्यार्थी रस्त्यावर आले, कारण तेथील झाडी आणि तळी ही आपल्या विद्यापीठाचाच भाग आहेत अशी त्यांची भावना होती. अखेर 3 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वृक्षतोड थांबविली.

आता आपल्या घरी येऊ. मुक्तीपूर्वी गोव्यात विद्यापीठ नव्हते. 1842 साली सुरू झालेली वैद्यकीय शाळा सोडली तर उच्च शिक्षणासाठी गोमंतकीय तरुणाला घाट चढावा लागे. 1962 नंतर येथे महाविद्यालये निघाली, ती मुंबई विद्यापीठाच्या छायेखाली. 1984 च्या कायद्यान्वये गोवा विद्यापीठ स्थापन होऊन 1985 पासून कामास लागले आणि ताळगावच्या पठारावर त्याचे विस्तीर्ण आवार उभे राहिले. आपल्या मुलाबाळांना शिकण्यासाठी परमुलूख धरावा लागू नये, ही त्यामागील लोकभावना होती. त्या पठाराचे मोल आज चौरस मीटरच्या दराने मोजले जाते. एका बाजूस मांडवी, दुसऱ्या बाजूस जुवारी आणि समोर अरबी समुद्र. हॉटेलवाल्याच्या डोळ्यांत भरावी अशीच ती जागा आहे. जवळच्या दोनापावल येथे या शतकाच्या पहिल्या दशकात आयटी हॅबिटॅटचा घाट घालण्यात आला आणि तो स्थानिकांच्या विरोधापुढे रखडला. चित्रपट महोत्सवासाठी परिषद केंद्र तेथेच उभारण्याचा मानसही सरकारने पुढे वेळोवेळी बोलून दाखविला.

याच ताळगाव गावातील वायंगिणी किनाऱ्याची कथा वाचकांनी विसरू नये. तेथे हॉटेलसाठी सरकारने 1980 साली सार्वजनिक प्रयोजनाच्या नावाखाली जमीन संपादन केली आणि लोकांची समुद्राकडे जाणारी वाट खुली ठेवण्याची अट घातली. ती वाट पुढे बंद झाली, तेव्हा नागरिकांनी न्यायालयाची पायरी चढून वर्षानुवर्षे झुंज दिली. 20 जानेवारी 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि अशी साधनसंपत्ती शासनाने जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळावयाची असते, हे तत्त्व स्पष्ट केले. पुढे काय झाले? त्याच वर्षी राज्याच्या भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती करून हॉटेलच्या बांधकामास अभय देण्यात आले. न्यायालयात जिंकलेले लोक विधानसभेत हरले. असा अनुभव गाठीशी असलेल्या गावाला उद्या कोणी सांगू लागला की हे हॉटेल नव्हे, परिषद केंद्र आहे, तर त्या गावाने विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवावा?

या अविश्वासाची किंमत हॉटेले देत नाहीत, ती विद्या देते, हे आमचे खरे दुःख आहे. गोव्याची आयआयटी 2016 साली फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सुरू झाली आणि 2025 सालीही ती परक्या छपराखालीच होती. लोलयेत विरोध झाला. सत्तरीतील शेळ-मेळावलीच्या ग्रामस्थांनी काजूच्या बागायतींवर आणि रानावर पाणी सोडण्यास नकार दिला, पोलिसांशी संघर्ष झाला आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारला तेथून माघार घ्यावी लागली. सांगेत तेच, 2025 साली कोडारमध्येही तेच. मग गोमंतकीय समाज शिक्षणाचा वैरी आहे, असे समजावयाचे काय? तसे असते तर कुंकळ्ळी येथे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचे आवार उभे राहून 6 फेब्रुवारी 2024 रोजी त्याचे उद्घाटन झाले नसते. लोक शिक्षणाला भीत नाहीत. आज शिक्षणासाठी मागितलेली लाखो चौरस मीटर जमीन उद्या कोणाच्या घशात जाईल, याची त्यांना भीती वाटते. ती अकारण आहे असे म्हणण्यास गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास आम्हांस वाव देत नाही.

जमिनीबरोबर पाण्याचाही विचार हवा. पठार म्हणजे ओसाड माळ, असे आराखडे काढणाऱ्यांना वाटते. कोकण-गोव्याच्या माणसाला ठाऊक आहे, की जांभ्या दगडाचे हे सडे पावसाळ्यात पाणी पितात आणि तेच पायथ्याच्या झरींना व विहिरींना पुरवितात. पणजीच्या आल्तिनो टेकडीखालील झरींनी एकेकाळी शहराची तहान भागविली, ती याच न्यायाने. हे शहाणपण किती जुने आहे ते पाहावयाचे तर मध्य प्रदेशातील बऱ्हाणपुरास जावे. मोगलांच्या दख्खन मोहिमांचे ते ठाणे. मिर्झाराजे जयसिंगाचा अंत 1667 साली तेथेच झाला. त्या नगरासाठी सतराव्या शतकाच्या आरंभी कुंडी भंडारा नावाची जलव्यवस्था निर्माण झाली. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले आणि तापीकडे झिरपत जाणारे पाणी भूमिगत बोगद्यात अडवून, शंभरावर कुंड्यांच्या ओळीतून ते वस्तीकडे वळविले गेले. चार शतके लोटली तरी त्यात पाणी आहे. डोंगरात मुरते तेच गावात उगवते, हे ओळखून पाण्याची जागा राखणे हा राज्यकारभाराचा भाग होता. शेकडो खोल्या, तरणतलाव आणि हिरवळी यांना लागणारे पाणी कोठून येणार आणि सांडपाणी कोठे जाणार, हे आज पठारावर बांधकाम योजणाऱ्यांनी आधी सांगितले पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. विद्येच्या नावाने संपादन केलेल्या जमिनीचा उपयोग विद्येसाठीच होईल, अशी स्पष्ट तरतूद राज्याच्या कायद्यात असावी. आणि प्रयोजन बदलावयाचे झाले, तर विधानसभेत उघड चर्चा आणि ग्रामसभेची संमती यांवाचून ते बदलता येऊ नये. अतिथिगृह अवश्य बांधावे, पण त्याचे आकारमान विद्यापीठाच्या वार्षिक गरजेवरून ठरावे आणि ते विद्यापीठाने स्वतः चालवावे, तीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने हॉटेल कंपनीच्या हाती देऊ नये. पाणी, सांडपाणी व वाहतूक यांचा हिशेब पायाचा दगड बसविण्यापूर्वी लोकांसमोर मांडावा. विरोध करणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. प्रत्येक इमारतीस सरसकट नकार देण्याने खरी शाळाही अडते आणि खोट्याला खऱ्याच्या आडून निसटता येते. विरोध अचूक असेल तरच तो टिकेल.

गोमंतकीयांना ही कल्पना नवी नाही. गावकरी पद्धतीत जमीन गावाची असे. ती कसावयास दिली जाई, उत्पन्नातून देवळाचा, बांधबंदिस्तीचा आणि गावाचा खर्च निघे, उरलेल्यातून गावकरांना जोण मिळे. मूळ जमीन फुंकून खाण्याचा अधिकार मात्र कोणा एका पिढीला नव्हता. देवाच्या नावाने गोळा केलेले तांदूळ पुजाऱ्याने बाजारात विकले, तर त्याला गाव जाब विचारतो. सरस्वतीच्या नावाने गोळा केलेल्या भूमीला हाच न्याय लागू आहे. कुलगुरू बदलतील, मंत्री बदलतील, सरकारेही बदलतील. पठार एकदा गेले की ते परत येणार नाही, आणि त्याबरोबर गेलेला लोकांचा विश्वास परत मिळविणे तर त्याहून कठीण आहे.