रीलमधले चकचकीत भोंगे क्लासिक गाडीला खरंच पिकअप देतात का?

जुनी स्पोर्ट्स कार, उघडं बॉनेट आणि इंजिनच्या कडेला ओळीनं बसवलेले चार चकचकीत भोंगे. मालक रेस देतो, भोंगे आवाज करत हवा ओढतात आणि रील व्हायरल होतं. मग घरात क्लासिक गाडी असलेल्या पुण्यातल्या मंडळींनाही वाटायला लागतं, आपल्या गाडीला पण हे पाहिजे.

पण हे भोंगे नेमकं करतात काय? आणि पुण्याच्या रस्त्यावर त्यांचा फायदा होतो का?

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण त्याला जास्त लागते ती हवा. १ किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमागे ९ हजार लिटरपेक्षा जास्त हवा.

ही हवा सरळ कापलेल्या पाईपात शिरताना कडेला अडखळते. पीएमपीच्या दारात चारही बाजूंनी गर्दी घुसली की होतं तसंच. भोंग्याचं गोलाकार तोंड हवेला वळण देऊन आत घेतं. हा झाला पहिला फायदा.

दुसरा फायदा लांबीचा. पिस्टननं हवा ओढली की नळीत दाबाची लाट तयार होते. ती भोंग्याच्या तोंडापर्यंत जाऊन परत येते. व्हॉल्व्ह बंद होण्याच्या जरा आधी ती पोहोचली, तर थोडी जास्त हवा आत ढकलली जाते. लांब नळीचा फायदा कमी आरपीएमला होतो, आखूड नळीचा जास्त आरपीएमला. ही लांबी व्हॉल्व्हपासून भोंग्याच्या तोंडापर्यंत मोजायची, नुसत्या भोंग्याची नाही.

गडबड इथंच होते. रीलमधले आखूड भोंगे रेस ट्रॅकसाठी असतात. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी २-३ हजार आरपीएमच्या पुढं क्वचितच जाते. तिथं हाती लागतो तो फक्त आवाज.

आता थ्रॉटल बॉडी. यात हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप असते. इथं मोठं म्हणजे चांगलं, असा समज आहे. ४० मिमीऐवजी ४५ मिमी घेतलं की वाट जवळपास २७ टक्क्यांनी वाढते. पण १,१००-१,२०० सीसीच्या इंजिनला एवढी वाट लागतच नाही. उलट पाय जरा टेकवला की गाडी झटका देते. कार्बोरेटर मोठा घेतला, तर हवेचा वेग पडतो आणि खालचा पिकअप जातो.

शिवाय थ्रॉटल बॉडी एकटी येत नाही. इंजेक्टर, जास्त दाबाचा पेट्रोल पंप, सेन्सर, ईसीयू आणि ट्यूनिंग, हा सगळा खर्च मागून येतो. एक फायदा मात्र खरा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळं इथली हवा साधारण ५ टक्के विरळ. मुंबईत सेट केलेला कार्बोरेटर इथं थोडं जास्त पेट्रोल देतो. हवेचा दाब मोजणारा ईसीयू हा हिशोब स्वतः जुळवतो.

नुसत्या भोंग्यांनी किती ताकद वाढते? एक जुनं उदाहरण बघा. ब्रिटनमधली ट्रायम्फ हेराल्ड १२०० आणि १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर, दोघींचं इंजिन १,१४७ सीसीचं. हेराल्डची ताकद ३९ बीएचपी, स्पिटफायरची ६३. पण स्पिटफायरला दोन कार्बोरेटरसोबत वेगळा कॅमशाफ्ट आणि जास्त कॉम्प्रेशनही दिलं होतं. हवेची वाट हा त्या कामाचा फक्त एक भाग होता. याच हेराल्डची भारतीय आवृत्ती मद्रासला बनायची आणि ती आजही काही हौशी लोकांकडं सापडते.

सगळ्यात मोठा धोका धुळीचा. उघड्या भोंग्यातून रस्त्याच्या कामांची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. रिंगा आणि बोअर घासले जातात, गाडी ऑइल खाते, धूर सोडते. त्यात कार्बोरेटरनं उलटा भडका मारला तर आगीची भीती. म्हणून भोंगे लावायचेच असतील तर फिल्टरच्या डब्याच्या आत लावावेत आणि तोंडासमोर निदान नळीच्या व्यासाइतकी जागा सोडावी.

शेवटचा मुद्दा कागदांचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं, पण ती मूळ रूपात असावी लागते. इंजिनात मोठे बदल केले की ही नोंदणी अडचणीत येऊ शकते. त्यामुळं काढलेला कार्बोरेटर आणि मूळ फिल्टर भंगारात देऊ नका.

आणि नाना पेठेत पार्ट शोधायला निघण्याआधी टायमिंग, व्हॉल्व्हचा गॅप आणि मॅनिफोल्डची गळती तपासून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांचा हरवलेला पिकअप तिथंच सापडतो, तोही कमी खर्चात.