‘ड’ तुकडीला कोणते सर?

गेली काही वर्षं मी सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये राहतोय. 1953 मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकानिमित्त या वसाहतीला हे नाव मिळालं. क्वीन्सटाउन सेकंडरी, क्वीन्सवे सेकंडरी या सरकारी शाळा इथेच आहेत. सकाळी ऑफिसला निघालं की गणवेशातली मुलं दिसतात. बघायला सगळी सारखीच. पण काही वर्षांपूर्वीपर्यंत माध्यमिक शाळेत पाऊल टाकतानाच त्यांच्या वाटा वेगळ्या होत.

याचं मूळ 1979 च्या गोह केंग स्वी अहवालात आहे. गंमत म्हणजे त्या अभ्यासगटात आमच्यासारखेच सिस्टीम इंजिनीअर होते! मुलं अर्ध्यावर शाळा सोडत होती, म्हणून कुवतीनुसार गट पाडायचं ठरलं. पुढे एक्सप्रेस, नॉर्मल अकॅडमिक आणि नॉर्मल टेक्निकल असे तीन प्रवाह रूढ झाले. गळती घटली, हे खरं. पण ‘नॉर्मल’ हा शिक्का मुलांच्या कपाळावर बसला तो बसलाच.

आपल्याला हे नवीन नाही. आपल्याकडे त्याला तुकडी म्हणतात. माझा एक मावसभाऊ इंग्रजीत कच्चा, म्हणून ‘ड’मध्ये गेला. गणितात मात्र पक्का. पण गणिताचे नावाजलेले सर ‘अ’ला, प्रयोगशाळेचे तास आधी ‘अ’ला आणि दहावीचे जादा तासही ‘अ’लाच. ‘ड’ला बदली शिक्षक. शाळा एक, फी एक, इमारत एक. मिळणारं शिक्षण मात्र वेगळं.

शिक्षकांची पदं पटसंख्येवरून मंजूर होतात, ती मुख्याध्यापकांच्या हातात नाहीत. पण कोणते सर कोणत्या वर्गावर, लॅबची किल्ली कोणाकडे, कोणता तास सकाळी ताज्या डोक्याने आणि कोणता शेवटी, हे वेळापत्रकात ठरतं. आणि वेळापत्रक शाळेतच बनतं. न्याय-अन्याय तिथेच होतो, एक रुपयाही न वाढवता किंवा न कापता.

सिंगापूरने 2019 मध्ये हे प्रवाह बंद करायचं जाहीर केलं आणि 2024 मध्ये माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांपासून ते बंद झाले. आता वर्ग मिश्र असतात. चित्रकला, संगीत, खेळ असे विषय सगळे एकत्र शिकतात. गणित, इंग्रजी, विज्ञान यांचे जी-1, जी-2, जी-3 असे स्तर आहेत आणि एकच मूल गणित वरच्या स्तरावर व इंग्रजी खालच्या स्तरावर घेऊ शकतं. माझ्या मावसभावाला नेमकं हेच हवं होतं!

अर्थात हे सोपं नाही. अनेक वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी लावायचा, म्हणजे तेवढे शिक्षक आणि तेवढ्या खोल्या एकाच वेळी मोकळ्या हव्यात. जी-1 ला नवखा शिक्षक द्यायचा की अनुभवी, हा प्रश्न उरतोच. शिवाय शाळेबाहेरची दरी आहेच. 2023 मध्ये इथल्या कुटुंबांनी खासगी शिकवण्यांवर सुमारे 1.8 अब्ज सिंगापूर डॉलर खर्च केले. ज्याला शिकवणी परवडत नाही, त्याचा सगळा भरवसा शाळेवरच.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आपले व्हॉट्सॲप ग्रुप. परदेशातले आपण माजी विद्यार्थी वर्गणी काढतो आणि शाळेला संगणक, प्रोजेक्टर, नवं प्रवेशद्वार देतो. फोटो येतात, छान वाटतं. जरूर द्यावं. पण पैसे पाठवताना मुख्याध्यापकांना आदराने एवढं जरूर विचारावं: सर, हा प्रोजेक्टर कोणत्या वर्गात लागणार? संगणकाचे तास ‘ड’ला आठवड्यातून किती? आणि जादा तासाचं मानधन आम्ही दिलं, तर तुमचे सगळ्यात चांगले शिक्षक मागच्या बाकावरच्या मुलांना मिळतील का?

शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या शाळेला मी प्रवेशद्वारापेक्षा दुप्पट वर्गणी देईन.