मास्कवरचे ‘९९.९ टक्के’ कसे वाचायचे?

गणपतीला अष्टमीच्या घरी गेले होते. माझे काका धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात. त्यांनी एका कापडी मास्कचं पाकीट माझ्या हातात दिलं. ‘‘अगं, तू यातच पीएचडी करतेस ना? यावर लिहिलंय, ९९.९ टक्के जंतू मरतात. मग आठवडाभर नाही धुतला तरी चालेल? आणि प्लांटमधल्या वासालाही चालत असेल ना?’’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच दिलं: अजिबात नाही. रसायनांची वाफ कापडातून सरळ आत येते. तिथे त्या-त्या वायूसाठीचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटरच लागतो. पहिल्या प्रश्नाला मात्र अर्धा तास गेला. तुमच्यापैकी कुणी टेक्स्टाईल किंवा मायक्रोबायोलॉजीत रिसर्चला येणार असाल, तर तो अर्धा तास तुमच्यासाठीही आहे.

आधी एक घोळ निस्तरू. मास्कचं मुख्य काम गाळण्याचं. हवेतले थेंब आणि कण तंतूंमध्ये अडकतात, आणि कडेने फट राहिली तर तेही होत नाही. जंतुरोधक फिनिश काम करतं ते अडकून बसलेल्या जंतूंवर. म्हणजे फिनिश कितीही भारी असलं, तरी जे कापडातून पार गेलं त्याला ते हातही लावत नाही.

फिनिश मारतं कसं? चांदीचे आयन जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना चिकटतात आणि त्यांचं काम बंद पाडतात. क्वाट, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम संयुगं, धन प्रभाराची असतात. जिवाणूचं आवरण ऋण प्रभाराचं, त्यामुळे ती त्याला चिकटतात आणि त्यांची लांब कार्बनची साखळी पटलात घुसते. क्वाटला सिलेनचं टोक जोडलं, की ते सुती कापडातल्या हायड्रॉक्सिल गटांशी बांधलं जातं. कोळंबीच्या टरफलांपासून होणारं कायटोसानही धन प्रभारावरच चालतं, पण आम्लता कमी झाली की त्याचा प्रभार आणि जोर दोन्ही उतरतात. करोनाच्या विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण असतं, तिथे साबणासारखी द्रव्यं उपयोगी पडतात. पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीजने २०२१ मध्ये थ्रीडी प्रिंटिंगने केलेल्या मास्कच्या कापडी थरावर सोडियम ओलेफिन सल्फोनेटचं मिश्रण वापरलं होतं, ते याच तर्काने. केंद्राच्या टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्डाने त्याला पैसे दिले होते.

आता तो आकडा. कापडाच्या जिवाणू-चाचणीसाठी आयएसओ २०७४३ ही पद्धत खूप वापरतात. ०.४ ग्रॅम कापडावर ०.२ मिलिलिटर जिवाणूंचं द्रावण टाकायचं, १८ ते २४ तास ३७ अंशांवर ठेवायचं, मग जिवाणू धुऊन काढून मोजायचे. नाकावरचा मास्क इतका ओला, इतका वेळ, तेही जिवाणूंना खायला घालून, कोण ठेवतो? (आमच्याकडच्या जुलैत ओला राहील म्हणा, पण खाऊ नसतो.) विषाणूंच्या आयएसओ १८१८४ मध्ये नेहमीचा वेळ २ तासांचा. शिंकेचा थेंब मास्कवर पडला आणि पाच मिनिटांनी तुम्ही तिथे हात लावला, तर काय होईल, हे यातला एकही आकडा सांगत नाही.

त्याहून मोठी गंमत हिशेबात आहे. समजा, दोन्ही कापडांवर सुरुवातीला २० हजार जिवाणू होते. २४ तासांनी साध्या कापडावर ते २० लाख झाले आणि फिनिशच्या कापडावर २० हजारच राहिले. साध्या कापडाशी तुलना केली तर घट ९९ टक्के, म्हणजे २ लॉग! या प्रमाणात २ पासून पुढे परिणाम ‘लक्षणीय’ धरतात. पण सुरुवातीच्या आकड्याशी तुलना केली तर घट शून्य. वाढ थांबली, इतकंच. म्हणून पेपर हातात आला की मी टक्के बघतच नाही. आधी शून्य तासाचे आकडे शोधते. ते दिलेले नसले तर पेपर बाजूला.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. पहिल्या वर्षी माझ्या क्वाट लावलेल्या कापडाच्या प्लेटवर एकही कॉलनी दिसेना. मी इतकी खूश, की पोस्टरचं शीर्षकही ठरवून टाकलं. लॅबमधल्या ताईने एकच विचारलं, ‘‘न्यूट्रलायझर कुठला घातलास?’’ घातलाच नव्हता! कापडातून सुटलेलं क्वाट धुण्याच्या पाण्यात आलं होतं आणि प्लेटवरही जिवाणूंना मारत होतं. तिने सांगितलेली तपासणी अगदी साधी होती. फिनिशचं नुसतं कापड धुऊन त्या पाण्यात ताजे जिवाणू टाकायचे आणि लगेच प्लेट करायचे. ते वाढले नाहीत, तर तुमचा आकडा खोटा. माझे वाढले नाहीत. मग लेसिथिन आणि ट्वीन ८० घालून सगळं पुन्हा केलं आणि आकडा धाडकन खाली आला. पोस्टर मागे घेतलं. चांदीसाठी न्यूट्रलायझर वेगळा लागतो, सोडियम थायोग्लायकोलेटसारखा. एकच सगळ्यांना चालत नाही.

आणखी एक चूक नवीन मुलं हमखास करतात. अगारवर कापड ठेवून भोवती मोकळं वर्तुळ पडतं का बघतात, आणि नाही पडलं की फिनिश फेल म्हणतात. वर्तुळ पडतं ते सुटून पसरणाऱ्या द्रव्याचं. घट्ट बांधलेलं क्वाट पसरणारच नाही. तिथे कापडाखालची वाढ बघायची.

धुण्याचंही असंच. सुटणारं द्रव्य धुण्यात जातं. बांधलेलं क्वाट जागेवर राहतं, पण साबणाचा ऋण प्रभार त्याला झाकतो, घामाचा आणि मेलेल्या जिवाणूंचा थरही झाकतो. म्हणून न धुतलेल्या मळक्या मास्कवर पाकिटावरच्या आकड्याचा भरवसा धरता येत नाही.

‘‘म्हणजे रोज धुवायचाच,’’ काका म्हणाले. हो. ‘‘मग त्या फिनिशचा फायदा काय?’’ दमट कापडात जिवाणू वाढून येणारा कुबट वास कमी होतो, मास्क काढताना हाताला लागणारे जंतू कदाचित कमी होतात. त्या ‘कदाचित’वरच माझं सध्याचं काम चाललंय: छोटे थेंब, कोरडं कापड, ५ आणि १५ मिनिटं. काकांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. किती वेळात, किती धुण्यांनंतर, कुठल्या जंतूवर, यातलं काहीच छापलेलं नव्हतं.