शोधायचे पैसे

मारुती व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. १९८४ साली आलेली ही गाडी २०१९मध्ये बनायची थांबली, पण इंदूरच्या जुनी इंदूर भागातल्या अरुंद गल्ल्यांत ती अजून दिसते. अशा म्हाताऱ्या व्हॅनबद्दल मालकाची नेहमीची तक्रार म्हणजे गाडी पाणी पिते. मग बाटली जवळ ठेवायची, रोज सकाळी ओतायचं, फारच झालं तर एखादा होज बदलायचा. माझ्या मते गळती शोधणं हेच यातलं खरं काम आहे. पार्ट बदलणं त्यानंतरचं. थेंब जिथे पडतो तिथूनच तो निघालेला असतो असं नाही. वॉटर पंपाच्या सीलमधून झिरपलेलं पाणी ब्लॉकवरून ओघळून खालच्या होजच्या टोकाला लोंबतं. होज बदलला जातो आणि आठवड्याने डाग पुन्हा तिथेच! शिवाय तिथल्या शनिमंदिराजवळच्या गर्दीत गाडी रांगत चालते, रेडिएटरला वारा मिळत नाही, आत दाब चढतो, बारीक भेगेतून पाणी सुटतं आणि तापलेल्या धातूवर जागच्या जागी वाळतं. जमिनीवर थेंबही नसतो. थंड इंजिनावर टॉर्च मारली तर क्लिपच्या कडेला पांढरट-हिरवी खरपुडी दिसते. नख लावलं की तिची भुकटी होते. गळतीचा पत्ता तिथे मिळतो.

मुरलेल्या मिस्त्रीला नजर पुरते, असं म्हणतात. बाहेरच्या डागापुरतं ते खरंही आहे. पण इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर दाबाचा काटा असलेला हातपंप बसवून, झाकणावर लिहिलेला दाब, समजा ०.९ बार, भरला आणि दहा मिनिटं काटा पाहिला, तर नजरेला न दिसणारंही कळतं. काटा उतरतोय आणि बाहेर सगळं कोरडं, म्हणजे संशय हेड गॅस्केटवर. काटा हलत नाही, तरी पाणी कमी होतं, तर झाकण तपासावं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. चांगलं झाकण ती मर्यादा ११५च्या पुढे नेतं. त्याची स्प्रिंग थकली की कुठेही भोक नसताना पाणी उतू जातं, आणि दोष रेडिएटरवर येतो.

पाणी स्वस्त आहे, गाडीची किंमत ती काय उरली, हा आक्षेप मला समजतो. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या गाडीला दिवसभर उभं करणं सोपं नसतं. पण बोअरिंगच्या पाण्यातला क्षार आत थर धरतो, आणि गळती बुजवायला टाकलेली हळद रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. पातळी फारच उतरली की तापमानाच्या सेन्सरभोवती पाणीच उरत नाही. काटा शांत दिसतो आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. मग हेड उतरवायचं, लेथवाल्याकडे न्यायचं, गॅस्केट घालायचं. त्या बिलापुढे तासभराच्या शोधाची मजुरी किरकोळ आहे. ती मिस्त्रीने वेगळी मागावी आणि मालकाने खळखळ न करता द्यावी, तासभर शोधून शेवटी फक्त एक झाकण बदललं गेलं तरीसुद्धा.