टक्का मोजला, गरज कोणी मोजायची?

विरार पूर्वेला आम्ही काम करतो त्या वस्तीत नऊ वर्षांची एक मुलगी राहते. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. प्रमाणपत्रावर ७० टक्के दिव्यांगत्वाची नोंद आहे. एका शिबिरात तिला व्हीलचेअरही मिळाली. पण घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची. ती खुर्ची आज जिन्याखाली घडी घालून पडली आहे आणि आई मुलीला पाठीवर घेऊन उतरते. कागदोपत्री मुलीला 'लाभ' मिळाला. तिला नेमके काय हवे होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

आपल्या व्यवस्थेची मूळ चूक इथेच आहे. प्रमाणपत्र म्हणजेच मूल्यमापन, असे आपण धरून चाललो आहोत. प्रमाणपत्र सांगते की शरीराचे किंवा बुद्धीचे कार्य किती टक्के बाधित आहे. गरजांचे मूल्यमापन सांगते की या मुलाला या घरात, या शाळेत, या रस्त्यावर जगायला आणि शिकायला काय लागेल. ७० टक्के नोंद असलेल्या दोन मुलांपैकी एकाला शौचालयात जायला मदतनीस लागेल, तर दुसऱ्याला बोलण्यासाठी चित्रांचा तक्ता. टक्का एकच, गरजा वेगळ्या.

कायदा काय म्हणतो?

१९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातील कलम १७ आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. शाळेत जाणाऱ्या मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचे, दिव्यांग मुले ओळखायची, त्यांच्या विशेष गरजा ठरवायच्या आणि त्या कितपत भागतात हेही पाहायचे, अशी जबाबदारी हे कलम शासन व स्थानिक प्राधिकरणांवर टाकते. पहिले सर्वेक्षण कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत करायचे होते.

दुसरी गोष्ट ४० टक्क्यांची. ६ ते १८ वयापर्यंतच्या मोफत शिक्षणाचा कलम ३१ मधील हक्क यांसारख्या काही तरतुदींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. पण कलम १६ प्रमाणे शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करून देण्यासाठी ही अट नाही. "तुमच्या मुलाचे ३५ टक्केच आहे" असे सांगून पालकांना परत पाठवले जात असेल, तर हा फरक दाखवून द्यायला हवा.

मूल्यमापन कुठे कमी पडते?

पहिली उणीव म्हणजे शाळेबाहेरचे मूल. कलम १७चे सर्वेक्षणच शाळेत जाणाऱ्या मुलांचे आहे. ज्याला शाळेने घेतले नाही, किंवा जे वीटभट्टीवर आईबापांसोबत फिरते, ते मोजले जात नाही.

दुसरी उणीव जागेची. अनोळखी दवाखान्यात, रांगेत तासन्‌तास बसून कंटाळलेले मूल काही मिनिटांत पाहिले जाते. घरचा जिना, शाळेचे शौचालय, रस्त्यावरची गर्दी त्या खोलीत दिसत नाही.

तिसरी भाषेची. घरी वारली, वाडवळी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला परक्या भाषेत प्रश्न विचारले की त्याचे गप्प राहणे बुद्धीची कमतरता म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो.

चौथी काळाची. मूल वाढते, तशा गरजा बदलतात. सहाव्या वर्षीची नोंद चौदाव्या वर्षी चालत नाही.

याचे परिणाम साधे नाहीत. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. पण शाळेच्या नोंदीत दिव्यांग मूलच नसेल, तर शिक्षक कोणाच्या नावाने मागायचा? न मोजलेल्या मुलासाठी पदही नाही आणि निधीही नाही.

आपण काय करू शकतो?

युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप यांनी २०१६ मध्ये २ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी एक प्रश्नावली आणली. ती आजाराचे नाव विचारत नाही. मुलाला पाहायला, ऐकायला, चालायला, शिकायला किती अडचण येते, हे ती आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारते. ही पद्धत सर्वेक्षणासाठी आहे, निदानासाठी नाही. पण तिची दिशा आपण घेऊ शकतो.

वस्तीतल्या विहारात पालकांची बैठक घ्यावी. आशा आणि अंगणवाडी सेविकांना बोलवावे. प्रत्येक मुलासाठी एका कागदावर लिहावे: घरात काय अडते, शाळेत काय अडते, बाहेर काय अडते, आणि मुलाला स्वतःला काय हवे आहे. तो कागद मुख्याध्यापकांना अर्जासोबत देऊन पोच घ्यावी. कलम १७चे सर्वेक्षण कधी झाले आणि त्यात काय आढळले, हे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे माहिती अधिकारात विचारावे. दाद मिळाली नाही, तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

जिन्याखालच्या त्या खुर्चीसाठी आम्ही आता आईला आणि मुलीलाच विचारले. आईने खालच्या मजल्यावरची भाड्याची खोली आणि मुलीच्या मापाची खुर्ची सांगितली. मुलगी म्हणाली, "मला वर्गात खिडकीजवळ बसायचंय." प्रमाणपत्रात यातले काहीच लिहिलेले नव्हते.