शिकून झाल्यावरचे शिकणे

पोहणे किंवा सायकल चालवणे एकदा आले की जन्मभर पुरते, असे आपण म्हणतो. त्याच हिशेबाने पुष्कळांची समजूत असते की, अणुवीज केंद्रातला माणूस परीक्षा देऊन एकदा आत गेला म्हणजे पुढे अनुभवच त्याला शिकवीत राहील. कशेडीच्या घाटातून रोज एसटी नेणाऱ्या चालकापुरते हे खरे. तिथे वळण, उतार आणि ब्रेक रोजच त्याची परीक्षा घेतात. अणुभट्टीच्या चालकाचे उलट आहे. यंत्र नीट चालले तर वर्षानुवर्षे त्याचे दिवस सारखेच जातात. ज्या प्रसंगासाठी त्याला तिथे बसविले, तो प्रसंग सबंध नोकरीत येणारही नाही; आणि आला तर काही मिनिटांत निर्णय मागेल. त्या प्रसंगाची तयारी नुसत्या नोकरीने वाढत नाही, ती गंजते.

जगाला हे कळले ते मात्र जबर किंमत देऊन. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात थ्री माइल आयलंड नावाचे केंद्र आहे. तेथील भट्टीत इंधनाभोवतीचे पाणी उकळू नये म्हणून ते भारी दाबाखाली ठेवीत. दाब सांभाळायला बाजूस एक उंच पात्र, आणि दाब वाढला तर वाफ सोडायला त्यावर एक झडप. आपल्या कुकरच्या शिट्टीचीच मोठी बहीण म्हणा ना! २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास पाणी पुरवणारे पंप थांबले. दाब वाढला, झडप उघडली, भट्टीही काही सेकंदांत आपोआप बंद झाली. इथवर सारे ठीक होते. पण दाब उतरल्यावर झडप मिटायला हवी होती, ती मिटली नाही.

नियंत्रण-कक्षातला दिवा मात्र सांगत होता की झडप मिटली. खरे पाहता तो दिवा झडपेला ‘मीट’ असा हुकूम गेला, एवढेच दाखवी. हुकूम पाळला गेला की नाही, हे त्याला ठाऊकच नव्हते. शेकडो घंटा आणि दिवे एकदम सुरू झालेले. पात्रातली पाण्याची पातळी वर चढत होती, आणि ते पात्र काठोकाठ भरू द्यायचे नाही, हे चालकांच्या मनावर पक्के बिंबविलेले होते. त्यांनी आपत्काळी आत येणारे पाणी कमी केले. वस्तुतः पाणी त्या उघड्या झडपेतून बाहेर चालले होते, म्हणून पातळी फसवी होती. चूल विझवली तरी निखारे धगधगतात, तशी बंद भट्टीतही उष्णता निघतच राहते. वाट अडवणारी दुसरी झडप कोणी मिटली, ती दोन तास वीस मिनिटांनी. तोवर इंधन उघडे पडले होते. पुढे तपासात दिसले की जवळजवळ निम्मा गाभा वितळला होता.

या माणसांना आळशी किंवा अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना जे शिकविले होते तेच त्यांनी केले. आणि यातली खरी चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. १८ महिने आधी, २४ सप्टेंबर १९७७ रोजी, ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी या केंद्रात अशीच झडप उघडी राहिली होती. तेथील चालकांनीही पाणी कमी केले होते. भट्टी अगदी कमी शक्तीवर चालत होती आणि सुमारे वीस मिनिटांत दोष ध्यानात आला, म्हणून निभावले. दोन्ही भट्ट्यांचा कारखानदार एकच. त्याच्या एका अभियंत्याने लेखी बजावले की, चालकांना या बाबतीत स्पष्ट सूचना द्या. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत तो पोचलाच नाही.

गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने १९७९च्या ऑक्टोबरात अहवाल दिला, त्यात यंत्रांपेक्षा माणसांच्या शिक्षणावर आणि व्यवस्थेवर अधिक बोट ठेवले. चालक ज्या सिम्युलेटरवर, म्हणजे नियंत्रण-कक्षाच्या प्रतिकृतीवर, सराव करीत, त्यात हा प्रसंग भरलेलाच नव्हता, हेही आयोगाने नोंदविले. मग चक्रे फिरली. त्याच वर्षअखेर अमेरिकेतील वीज कंपन्यांनी अणुकेंद्रांच्या कामाची परस्पर तपासणी करणारी संस्था काढली; चेर्नोबिलच्या १९८६ मधील अपघातानंतर, १९८९ मध्ये, तशी जागतिक संघटना झाली. अमेरिकेत आज परवानाधारक चालकाला दर वर्षी प्रात्यक्षिक चाचणी द्यावी लागते आणि दोन वर्षांच्या चक्रात लेखी परीक्षा. पुष्कळ केंद्रांत पाच-सहा तुकड्या आळीपाळीने काम करतात, त्यांतली एक नेहमी वर्गात असते. व्यवस्थापकाला हा खर्च बोचतो. पण पगारी माणसे वर्गात बसवणे ही उधळपट्टी मानणाऱ्याने वितळलेल्या गाभ्याची किंमत आधी विचारावी. आमच्या मते सिम्युलेटरहूनही मोलाची गोष्ट म्हणजे दूरच्या केंद्रातली चूक आपल्या पाळीच्या लोकांसमोर वाचून दाखवण्याची सवय.

आपल्याकडे तुर्भ्याची प्रशिक्षणशाळा १९५७ मध्ये निघाली आणि तारापूर १९६९ मध्ये वीज देऊ लागले, तेव्हा ही चर्चा आपल्यालाही परकी नाही. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून भडका उडाला. केबली जळाल्या, वीज गेली, धुरामुळे नियंत्रण-कक्ष सोडावा लागला. दिवेच नाहीत, तिथे तबकडी कोण वाचणार? चालकांनी भट्टी तत्काळ बंद केली होतीच. मग काही जण हातात टॉर्च घेऊन भट्टीच्या इमारतीत वर चढले आणि हातांनी झडपा उघडून बोरॉनचे द्रावण आत सोडले, म्हणजे भट्टी पुन्हा पेटण्याची शंका उरू नये. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांचे पाणी त्यांनी उष्णता काढून नेण्याच्या कामी वळविले. केंद्रात पुन्हा वीज आली ती सुमारे सतरा तासांनी.