टेप बंद, तरी बॅटरी का उतरते?
बाहेरून म्युझिक सिस्टीम बसवल्यावर सकाळी गाडी स्टार्ट होईना, तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका. गाडी बंद करून निगेटिव्ह केबल सोडवा. केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरवर लावून अर्धा तास थांबा. या अवस्थेत स्टार्टर मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. अर्धा अँपिअर दिसला, तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी ७० तासांत रिकामी. सिस्टीमचा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज एकेक करून काढा; ज्याने आकडा पडेल, चोर तिथेच. बहुतेकदा स्टिरिओची लाल वायर चावीवर न घेता पिवळीसोबत कायमच्या करंटला पिळलेली असते. ती वेगळी करून चावीवर घ्यायला लावा.